पत्राची शेपटी

बोरूकाकांना खोटं बोलता येत नाही, असं सगळी मंडळी छातीठोकपणे सांगायची. आणि ते खरंही होतं. जो माणूस चाळीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द उतरवून घेत बसला, मान खाली, कान उघडे, तोंड बंद, तो खोटं बोलणार कधी? मुळात बोलणार कधी? पण माणसाला खोटं लिहिताही येतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते एकट्या बोरूकाकांना ठाऊक होतं, आणि तीस वर्षं ते त्यांच्या पोटात खड्यासारखं बसलं होतं.

गोष्ट फार जुनी आहे. ख्रिस्ताच्या नावानं जमणाऱ्या मंडळ्या तेव्हा कुठे उभ्या राहत होत्या. त्यांना ना स्वतःची इमारत होती, ना पुस्तक. प्रभूला डोळ्यांनी पाहिलेली माणसं एकेक करून चालली होती आणि मागे उरत होती ती पत्रं. कुणी प्रवासातून लिहिलेली, कुणी कैदेतून. एका गावाला पत्र आलं की वाचायचं, नक्कल करून ठेवायची आणि पुढच्या गावाला धाडायचं. लिहिणारा एका जागी अडकला तरी पत्र आपलं फिरतच असायचं.

ह्या शहरातली मंडळी रंगारीणबाईंच्या माडीवर जमायची. बंदराच्या मागच्या गल्लीत बाईंचा कापड रंगवायचा कारखाना होता. खाली हौद, वर वाळवणीची लांब माडी. आठवड्याच्या पहिल्या दिवशी उजाडता उजाडता, कामावर जायच्या आधी, माणसं जिना चढून यायची आणि ओल्या कापडांखाली दाटीवाटीनं बसायची. वरून थेंब पडायचे. त्या काळी सरकारचे शिपाई ख्रिस्ताच्या माणसांचा माग काढत फिरायचे, तेव्हा भट्टीवाले मामा म्हणायचे, "शिपायांना अक्कल नाही ते बरंय. नाहीतर ज्याच्या खांद्यावर निळा ठिपका, तो आपला माणूस!" मामांची पावाची भट्टी होती आणि जीभही तशीच तापलेली असायची.

प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून झाली की बाई उठायच्या, गुंडाळी उघडायच्या आणि पत्र वाचायच्या. पत्र कुणाचं? आता दुसऱ्या कुणाचं असणार! दोरवाल्या गुरुजींचं.

गुरुजी धंद्यानं दोर वळणारे. जहाजांचे दोर. बंदराबंदरांतून फिरायचे, दिवसा दोर वळायचे, संध्याकाळी प्रभूची गोष्ट सांगायचे. ह्या शहरात ते तीन वर्षं राहिले, आणि त्या तीन वर्षांच्या आठवणीवर बोरूकाकांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं.

तेव्हा ते काका नव्हते. पंचविशीचा तरुण, धक्क्यावरच्या कचेरीत जहाजातल्या मालाच्या याद्या लिहायचा. कानावर सदानकदा बोरू खोचलेला, म्हणून नावच बोरू पडलं. गुरुजींची बोटं तागानं चिरलेली असायची. लेखणी हातात धरली की कागदाला रक्त लागायचं. शिवाय त्यांना एका जागी बसवत नसे. मग पत्र लिहायचं कसं? चालता चालता!

धक्क्याच्या कडेला दोर वळायची पडवी होती. दोनशे पावलं लांब, वर छप्पर, समुद्राच्या बाजूनं उघडी. एका टोकाला चाक. गुरुजी कमरेला तागाचा भारा गुंडाळायचे, धागे चाकाच्या आकड्याला अडकवायचे आणि बोटांतून ताग सोडत सोडत उलटे चालत जायचे. त्यांच्यासमोर गळ्यात फळी अडकवून, कमरेला दौत बांधून बोरू. गुरुजी मागे मागे, बोरू पुढे पुढे. चाकापाशी गुरुजी वाक्य सुरू करायचे, आणि दोर वाढेल तसं वाक्य वाढायचं. त्याला आणखी एक पेड, त्यावर आणखी एक, मध्येच "आणि जे कोणी", मध्येच "कारण की", मध्येच एखाद्या खलाशाला "काय रे, बायको बरी आहे का?" हे शेवटचं बोरूनं गाळायचं असे. पाठ पलीकडच्या भिंतीला टेकली की पूर्णविराम. बोरूला धाप लागायची आणि गुरुजी हसायचे. "दमलास? अरे, अजून मुद्द्यावर यायचोय!"

एकदा घाईत ते खलाशाचं वाक्य गाळायचं राहिलं. पत्र गेलंही. त्या दूरच्या शहरातले वडीलधारे आजही त्या "बायको बरी आहे का"चा गूढ अर्थ लावतात म्हणे. लावोत बापडे.

पत्राचं मुख्य अंग संपलं की शेवटी नमस्कार असायचे. अमक्याला नमस्कार, तमकीला सांगा. ह्याला बोरू पत्राची शेपटी म्हणायचा. ह्या बाबतीत गुरुजींचा आनंदीआनंद होता. माणसांवर जीव टाकायचे, पण कुणाचं नाव काय, कुणाला मुलं किती, कुणाचा पाय मोडलाय, काही म्हणता काही लक्षात राहायचं नाही. रंगारीणबाईंना त्यांनी पहिलं वर्षभर कुंभारीण समजून हाक मारली. शेपटी आली की ते हात झटकायचे. "ते तू बघ रे." त्यामुळे झाडून सगळ्या शेपट्या बोरूच्या.

काय दिवस होते ते! तागाचा आणि डांबराचा वास, चाकाची कुरकुर, समोर उलटा चालत जाणारा तो माणूस आणि त्याच्या तोंडून अखंड निघणारं ते वाक्य. म्हातारपणी बोरूकाका त्या पडवीवरून जाताना काही काम नसताना थांबायचे. आता तिथे दुसरेच कुणी दोर वळायचे, आणि गप्प वळायचे. बोरूकाकांना ते बघवायचं नाही आणि तिथून पायही निघायचा नाही.

पुढे गुरुजी दुसऱ्या बंदराला गेले आणि तिथे पकडले गेले. बातमी कळली तशी बोरूनं कचेरीतली नोकरी सोडली आणि मिळेल त्या जहाजानं तिकडे गेला. कोठडी चार पावलांची. पायात साखळी, ती दोन पावलांची. गुरुजी उठले, उलटे चालायला लागले, आणि वाक्य सुरू होतंय न होतंय तोच साखळीनं हिसका दिला. ते खाली बसले. बोरूनं त्यांना बसलेलं असं पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी बसूनच पत्र सांगितलं, ह्या शहराच्या मंडळीसाठी. ते एवढंच होतं:

"मी बरा आहे. पायात साखळी आहे. मला तुमची आठवण येते. मी आता येऊ शकणार नाही. तुम्हीच एकमेकांकडे जात जा. पत्रं मोठ्यानं वाचा. रंगारणीला वाचू द्या. तिला वाचता येतं आणि वाचलेलं कळतंही. ह्या दोन गोष्टी एका माणसात क्वचित सापडतात. भांडू नका."

खाली गुरुजींनी स्वतः लेखणी हातात घेतली आणि वेड्यावाकड्या, बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं, "हे माझंच." शेपटी नाही, काही नाही. बोरूनं स्वतःजवळ एक नक्कल ठेवली आणि पत्र एका ओळखीच्या खलाशाबरोबर धाडून दिलं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी बोरू भाकर आणायला बाहेर गेला आणि परत आला तेव्हा कोठडी रिकामी होती. पहाटेच नेलं होतं. शेवटचा शब्द नाही, निरोप नाही. त्याच्या हातातली भाकर अजून गरम होती.

वसंतात तो घरी आला तो सुतकी तोंडानं. आठवड्याच्या पहिल्या दिवशी माडीवर गेला तर भाकर मोडून झाल्यावर रंगारीणबाई उठल्या. तेव्हा त्या तिशीच्या, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. बापानं रंगांच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून अक्षरं शिकवलेली, ती अशी कामाला आली. गुरुजींचं छोटं पत्र हातात, हात कोपरापर्यंत निळे. त्यांनी वाचलं, आणि बोरूला वाटलं की कोठडीतून थेट आवाज येतोय. बघताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. गुंडाळी धरताना त्यांची बोटं नीट वळत नव्हती. हिवाळाभर गार पाण्यात हात घालून सांधे धरले होते. त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या कुणाला दिसलंही नाही.

वाचून झालं आणि सगळी मंडळी बोरूकडे वळली. "गुरुजी शेवटी काय म्हणाले रे?"

एवढी सगळी तोंडं. भट्टीवाले मामा, तेव्हा नुकती मिसरूड फुटलेले, हमसून रडत होते. काय सांगायचं ह्यांना? काही म्हणाले नाहीत म्हणून? मी भाकर आणायला गेलो होतो म्हणून? बोरूच्या तोंडून निघून गेलं, "लिहिलंय त्यांनी. मोठं पत्र आहे. नीट उतरवून देतो."

झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! आयुष्यात एकदाच, पण ती अशी.

मग चार दिवस दुपारी, पडवी रिकामी असताना, तो गळ्यात फळी अडकवून तिथे गेला. चाकापाशी उभा राहिला. समोर कुणी नव्हतं. पुढे पुढे चालायला लागला आणि, खरं सांगायचं तर, त्याला खोटं लिहितोय असं वाटलंच नाही. त्याला ऐकू येत होतं. "आणि जो दोर कुणाला दिसत नाही, कारण तो पाण्याखाली असतो, त्याच्याच आधारानं जहाज धक्क्याशी उभं राहतं, हे ज्यांना वादळाच्या आधी कळलं त्यांचं तर भलं झालंच, पण ज्यांना वादळानंतर कळलं," असं ते वाक्य चाललं ते भिंतीपर्यंत. चार दिवसांत पत्र पुरं झालं. बोरू चालायचा, लिहायचा आणि रडायचा. त्याला फक्त गुरुजी आणखी चार दिवस हवे होते.

शेवटी शेपटी आली. "ते तू बघ रे," असा आवाजही आला. आणि बोरूनं ते बघितलं.

ते मोठं पत्र ऐकून मंडळी धाय मोकलून रडली. नकला निघाल्या, जहाजांवर चढल्या, कुठल्या कुठे गेल्या. बाईंनी ते शेकडो वेळा वाचलं. पण दर वेळी शेपटीपाशी आल्या की त्या गुंडाळी मिटायच्या. "पुढे नुसते नमस्कार आहेत," म्हणायच्या. बोरूकाका मागच्या खांबापाशी बसून तीस वर्षं ते ऐकत आले. एकदाही त्यांनी विचारलं नाही की बाई, तुम्ही ती शेपटी वाचलीत तरी का? मंडळीत सगळे एकमेकांचे भाऊ-बहीण. फार चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळे एखाद्या भावाच्या मनात काही वेगळं असेल तर त्याची चांगलीच पंचाईत होते.

असं सगळं चाललेलं असताना पंतोजी आले.

पंतोजी मोठ्या शहरातले, शाळेत शिकवणारे, चाळिशीचे, हुशार. त्यांच्याकडच्या मंडळीनं ठरवलं होतं की सुट्या गुंडाळ्या पुरे झाल्या, पानं शिवून गुरुजींच्या पत्रांचं एक पुस्तक करायचं. त्यांचंही चूक नव्हतं. गुरुजी जिवंतपणी लिहायचे त्यापेक्षा मेल्यावर फारच लिहायला लागले होते. ज्याला त्याला आपलं म्हणणं गुरुजींच्या नावावर खपवायचं असे. एका पत्रात तर गुरुजींनी मधमाश्या पाळायचा सल्ला दिला होता! तेव्हा कुणीतरी चाळण लावायलाच हवी होती.

चार दिवस पंतोजी बाईंच्या माडीवर गुंडाळ्या पसरून बसले. एकेक वाक्य बोटांनी मोजत. पाचव्या दिवशी मंडळी जमली तेव्हा त्यांनी निवाडा सांगितला.

"सात पत्रं खरी," ते म्हणाले. "त्यांत हे मोठं पत्र म्हणजे तर माप आहे माप. गुरुजींचं वाक्य कसं असतं ते ह्यात बघावं. लांब, पीळदार, सुटता सुटत नाही. मी सगळी पत्रं ह्या मापानं मोजली." मग त्यांनी छोटं पत्र चिमटीत धरलं. "आणि हे आठवं. दहा वाक्यं, आणि दहाही आखूड. मी बरा आहे, साखळी आहे, भांडू नका. हे गुरुजींचं लिहिणं नव्हे. शितावरून भाताची परीक्षा! मूळ पत्र कुठे आहे ह्याचं?"

मामांनी ती हकीकत सांगितली. मूळ पत्र आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची पद्धत पडली होती. विटा पाडणाऱ्याची बायको गेली तेव्हा ते तिच्या मुठीत होतं. माणसं मूठ उघडायला निघाली तर बाईंनीच अडवलं होतं, "राहू द्या तिच्याजवळ, आपल्याकडे नक्कल आहे की." त्या मुठीबरोबर गुरुजींची वेडीवाकडी अक्षरंही मातीत गेली.

"म्हणजे नाहीच," पंतोजी म्हणाले. "मग हे पुस्तकात घेता येणार नाही. आणि बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही इथे वाचता ते ह्या पत्राच्या आधारावर. आमच्याकडे, आसपासच्या सगळ्या गावांत, वाचायचं काम वडील पुरुषमंडळी करतात. आधारच खोटा निघाला, तर आता तुम्ही बसावं हे बरं."

बाई साठी ओलांडलेल्या. तीस वर्षं दर आठवड्याला त्या ह्या जागेवर उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. हातातली गुंडाळी त्यांनी खाली ठेवली आणि त्या बायकांच्या ओळीत जाऊन बसल्या.

बोरूकाकांच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. माप! त्यांनी रडत रडत लिहिलेलं ते खोटं पत्र माप झालं होतं, आणि त्या मापानं खरं पत्र फेकलं जात होतं. बाईंची जागा जात होती ती दुसऱ्या कुणामुळे नव्हे, त्यांच्यामुळे. आता गप्प बसलो तर मेल्यावर गुरुजींना तोंड कसं दाखवायचं? खांबाला धरून ते उठले.

"पंतोजी, छोटं पत्र खरं आहे. मी कोठडीत बसून उतरवलंय. मोठं पत्र खोटं आहे." त्यांनी गुंडाळीकडे बोट दाखवलं. "ते मी लिहिलंय."

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि बघता बघता हसू पसरलं.

"काका, तुम्ही?" पंतोजीही हसले, पण प्रेमानं. "मैत्रीण अडचणीत आली म्हणून स्वतःवर ओढून घेताय. मनाचा मोठेपणा आहे तुमचा. पण हे पत्र?"

"गुरुजी उलटे चालत सांगायचे म्हणून वाक्यं लांब. कोठडी होती चार पावलांची! तिथे लांब वाक्य मावलंच नसतं. मोठं पत्र कोठडीतून आलं म्हणतात, मग त्यात एवढी लांब वाक्यं कशी? सांगा ना!"

"विचाराला काय पाय असतात, काका?"

"गुरुजींच्या विचाराला होते!"

पुन्हा हशा. भट्टीवाले मामा डोळे पुसत म्हणाले, "बोरूकाका, अहो, तुम्ही धड दोन वाक्यं सलग बोलत नाही, आणि ते पाण्याखालच्या दोराचं तुम्ही लिहिलंत? मी त्या वाक्यावर जगलोय हो. नका काढून घेऊ."

पंतोजींनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि समजा, क्षणभर धरून चालू की तुम्ही खोटं पत्र लिहिलंत. मग खोटं लिहिणाऱ्या माणसाच्या साक्षीवर मी छोटं पत्र खरं कसं मानू?"

इकडे आड, तिकडे विहीर! खोटं बोलता न येणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभा राहून खरं बोलला आणि कुणी विश्वास ठेवला नाही. काका खाली बसले. आपण गुरुजींना दोनदा गमावलं, असं त्यांना वाटलं. एकदा भाकर आणायला गेलो तेव्हा, आणि एकदा आता.

तेवढ्यात बायकांच्या ओळीतून आवाज आला. "पंतोजी, एक विचारू? बसूनच विचारते."

"विचारा की."

"मोठं पत्र खरं आहे. तुमची खात्री आहे?"

"शंकाच नाही."

"पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत?"

"शेवटच्या शब्दापर्यंत. आणि तुमच्याकडची ही प्रत तर सगळ्यांत जुनी, काकांच्या हातची. हिच्यावरूनच बाकीच्या निघाल्या."

"तुमच्याकडच्या प्रतीत शेपटी आहे?"

"शेपटी? नमस्कार म्हणता? ते आमच्याकडे गाळतात. कुणाकुणाला नमस्कार ते आमच्या लोकांना काय माहीत? कागद उगाच कशाला घालवायचा?"

बाई उठल्या, मोठ्या पत्राची गुंडाळी उचलली आणि शेवटाशी उघडून पंतोजींच्या हातात दिली. "मग शेवटचे शब्द तुम्हीच वाचा. मला तर तुम्ही बसायला सांगितलंत."

खांबापाशी बोरूकाका अर्धवट उठले. नको, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

पंतोजींनी वाचलं. आवाज खणखणीत होता त्यांचा.

"आणि जी बहीण निळ्या हातांनी हे तुम्हांला वाचून दाखवील, जशी ती नेहमी दाखवील, तिला माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की थंडीत फार वेळ गार पाण्यात हात ठेवू नकोस, रोज शेकत जा, कारण हात ठणकतात हे तू सांगत नाहीस, पण गुंडाळी धरतेस तेव्हा दिसतं."

वाचता वाचता पंतोजींचा आवाज हळू होत गेला. ते थांबले. पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं.

"'जशी ती नेहमी दाखवील'," मामा मोठ्यानं म्हणाले. "नेहमी, पंतोजी! शेवटच्या शब्दापर्यंत खरं म्हणालात. आता गिळा!"

माडी हशानं दणाणली. पंतोजी हुशार होते तसे सरळही होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यांनी गुंडाळी मिटून बाईंच्या हातात परत दिली. "वाचा, बाई," ते म्हणाले. "तुम्हीच वाचा."

बाईंनी वाचलं. तीस वर्षं वाचत आल्या तसंच. आणि ह्या खेपेला पाण्याखालच्या दोराचं वाक्य आलं तेव्हा मामांबरोबर सगळ्यांनी ते म्हटलं.

दुपारच्या जहाजानं पंतोजी सात पत्रं घेऊन गेले. आठवं मागे राहिलं.

बोरूकाका खाली हौदांपाशी आले तेव्हा बाई चुलीजवळ बसल्या होत्या. समोर परातीत वाफाळतं पाणी, त्यात दोन्ही हात. काका उभेच राहिले.

"खरं पत्र राहिलं, बाई," शेवटी ते म्हणाले. "खोटं पुस्तकात गेलं. आता पुढची माणसं तेच गुरुजी समजणार."

"समजू देत. गुरुजींना राग यायचा नाही. त्यांना वाटेल, आपणच सांगितलं असेल आणि विसरलो."

काकांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"आणि छोट्या पत्राचं काय राहिलं?" बाई म्हणाल्या. "ते मला वाचू द्या असं सांगायला आलं होतं. मी वाचलं. पोचलं ते."

काका मान खाली घालून उभे होते. मग त्यांनी धीर केला. तीस वर्षांनी का होईना, केला. "बाई, मी वर जे बोललो, ते मैत्रीखातर नव्हतं. मोठं पत्र खरंच…"

"तुमचं आहे. ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या वाचनापासून. अहो, गुरुजींनी मला गुंडाळी धरताना बघितलं कधी? ते इथे होते तेव्हा मी वाचत कुठे होते? मी वाचायला लागले ती छोटं पत्र आल्यावर, आणि तोवर ते कोठडीत होते. वसंतात तुम्ही परत आलात, मागच्या खांबापाशी उभे होतात. त्या दिवशी बघितलंत. दुसऱ्या कुणी?" बाईंनी पाण्यातले हात जरा हलवले. "म्हणून तर शेपटी मोठ्यानं वाचायचे नाही. ती मंडळीला नव्हती ना! आज ती वाचून घ्यावी लागली, जागा राखायची होती म्हणून. नाहीतर नसती दिली त्या पंतोजीच्या हातात."

चूल धुमसत होती, माडीवरून थेंब पडत होते.

"मला वाटायचं, तुम्ही ती वाचलीच नाहीत," बोरूकाका म्हणाले.

बाईंनी वर बघितलं. "तीस वर्षं, बोरूभाऊ, रोज संध्याकाळी मी हे असे हात शेकत बसते. एक दिवस चुकला नाही. तुम्हाला काय वाटलं, गुरुजींनी सांगितलं म्हणून?"

पाणी निवायला लागलं होतं. बोरूकाकांनी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि परातीत हळूहळू गरम पाणी ओतलं.